वाणात दिलेली सिस्टीम

आमच्या घरमालकीण आत्यांनी बऱ्हाणपुरातले जेवढे धडधाकट कॉम्प्युटर आडवे केले, तेवढे विजेचे झटके, उंदीर आणि तापीचा पूर या तिघांनी मिळूनही केले नसतील. आणि यातला एकही त्यांनी रागाने किंवा आकसाने आडवा केला नाही. सगळे प्रेमापोटी. एखाद्या घरी विरजण संपलं म्हटल्यावर शेजारीण जशी वाटी घेऊन धावते, तशा आत्या सीडी घेऊन धावत, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात दही नाही नि दूधही नाही अशी अवस्था असे. तरी लोक त्यांना दारातून परत पाठवत नसत. का पाठवत नसत ते मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही. मी तर पाठवूच शकले नसते. मी त्यांच्या उपकारात गळ्यापर्यंत बुडालेली होते.

मी मूळची कुडाळकडची. नववीत गणितात गेले, वडील म्हणाले आता पुरे, आणि ते पुरे झालंच. लग्नानंतर आमचे हे इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले आणि मी एकदम अशा गावात येऊन पडले जिथे समुद्र नाही, मासे मिळाले तरी नदीचे, आणि माणसं मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतात नि परत येतात याचा पत्ता लागत नाही. शनवारा बाजाराच्या अलीकडच्या गल्लीत आत्यांच्या घरची वरची खोली आम्ही भाड्याने घेतली. खाली आत्या आणि त्यांच्या वहिनी. भाऊ सकाळी उठून जैनाबादला केळीच्या बागेत जात ते दिवस कलल्यावरच परतत, म्हणून घरात राज्य या दोघींचं होतं. खरं तर आत्यांचं राज्य आणि वहिनींची त्यावरची टीका.

आत्यांनी लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसून त्यांनी लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका तीर्थयात्रेला गेल्या, आत्यांनी कॉम्प्युटर घेतला. पांढरा अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि उजवा कान कायम किंचित पुढे. मशीन बिघडलं की त्या पडद्याकडे बघतच नसत. डब्याला कान लावून डोळे मिटत. आतून घरघर आली की म्हणत, "शोधतोय बिचारा," आणि टक्क आवाज आला की म्हणत, "रागावला." काम अडून बसलं तर त्याला ऑपरेटरच्या जुन्या आवाजात सांगत, "लाइनवर राहा." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "तो कुठे जाणार आहे? आमचीच लाइन कटली आहे."

कॉम्प्युटरला चालवणारी जी मूळ सिस्टीम असते, ती गावात बहुतेकांकडे एकाच तऱ्हेची होती आणि तीही बाजारातून चोरून उतरवलेली. आत्यांची निराळी. जगभरच्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, वाटलं तर आत उघडून बघावी अशी. हिला फुकटची म्हटलेलं त्यांना खपत नसे. "फुकट तर फ्लूपण मिळतो," त्या म्हणत. "ही मोकळी आहे." परदेशात कुठेतरी विनंती पाठवली की तिची सीडी पोस्टाने घरी येई, पैसे न घेता. पहिलं पाकीट आलं तेव्हा आत्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, असं वहिनी सांगत. आत्या म्हणत, देव्हाऱ्यात नाही, देव्हाऱ्याच्या वर.

दर सहा महिन्यांनी या सिस्टीमची नवी आवृत्ती येई. एक उन्हाळ्याच्या तोंडाशी, एक दसऱ्याच्या आसपास. आत्यांना यात ईश्वरी संकेत दिसला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि दसरा, दोन्ही न विचारता चालणारे मुहूर्त, त्यामुळे नवी आवृत्ती चढवायची ती याच दोन दिवशी. आखाजीला साऱ्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या घरी आत्या सकाळी नहाणं उरकून मशीनला हळदकुंकू वाहत, भावाच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला जोडत आणि दार लोटून बसत. नवी आवृत्ती चढली की जुन्या मशीनचा एक अवयव जाई, हे ठरलेलं. एका दसऱ्याला आवाज गेला. आखाजीला प्रिंटर मुका झाला. पुढच्या दसऱ्याला अख्खा पडदा आडवा झाला, म्हणजे अक्षरं भिंतीवर चढणाऱ्या मुंग्यांसारखी वर जायला लागली. आत्यांनी आठवडाभर मान वाकडी करून काम केलं, मान धरली, मग शेक घेतला आणि शेवटी मॉनिटरच कुशीवर निजवून त्याला दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. विटांवर आपट्याची पानं तशीच होती. मी धीर करून विचारलं, की आत्या, जुनीच ठेवली असती तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या लेकीला माहेरी आणू नका म्हणाले.

या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो फोनच्या तारेत. तेव्हा इंटरनेट फोनच्या लाइनवरून येई आणि आत्यांचं डाउनलोड शुक्रवारी सुरू झालं की सोमवारपर्यंत फोन एंगेज. माझी आई दर रविवारी नऊ वाजता गावच्या बूथवरून मला फोन करी. एका रविवारी वाजला नाही. पुढच्याही नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून माहेरच्या एकेकाला मनातल्या मनात मारून मोकळी झाले. आत्यांनी येता-जाता पाहिलं. त्यानंतरच्या रविवारी पावणेनऊला फोन मोकळा होता. नऊला घंटी वाजली, आत्यांनी उचलून जुन्या ऐटीत सांगितलं, "कुडाळ लाइनवर आहे, बोला," आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. तीन दिवसांचं डाउनलोड मधेच तोडलं की ते पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे मला नंतर वहिनींकडून कळलं. आत्या दर आठवड्याला ते तोडत होत्या.

कामाला लावलं तेही त्यांनीच. आम्ही राहायला आल्यावर महिन्याभरात त्यांनी मला खाली बोलावलं. शिक्षण विचारतील म्हणून मी घामेजले होते. त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "बोटं दाखव." उलटसुलट करून पाहिली, एकेक ताणून बघितलं आणि म्हणाल्या, "चालतील." त्यांच्या सिस्टीममध्ये टायपिंग शिकवणारा एक खेळ होता, वरून अक्षरं पडत आणि जमिनीला टेकायच्या आत ती मारायची. सहा महिने मी अक्षरं मारली. मग आत्या मला घेऊन जवळच्या एका प्रेसमध्ये गेल्या. लग्नपत्रिका छापणारी लहानशी प्रेस, मालक हिंदी-मराठी दोन्हीत सारखेच घाबरट. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांनी माझी दहावीची मार्कशीट मागितली. आत्या म्हणाल्या, "दहावी नाही, पण बोटं पदवीधर आहेत." शेठनी एक पत्रिका टाइप करायला दिली आणि मी लागले. उन्हाळ्यात जिनिंग बंद होई, ह्यांना काम नसे, आणि त्या चार महिन्यांत आमचं घर माझ्या दहा बोटांवर चाले. ती जागा गेली असती तर गाशा गुंडाळून परत कुडाळ. परत जायचं म्हणजे, जी पोर शाळेत टिकली नाही ती परगावातही टिकली नाही, हे चार माणसांत ऐकायचं. त्या भीतीने मी प्रेसमध्ये अर्धा तास आधी जात असे आणि शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकत असे.

आता मुख्य गोष्ट. आत्यांचा प्रचार दिवसेंदिवस वाढत होता. कुणाच्या दहाव्याला गेल्या तरी कोपऱ्यातला कॉम्प्युटर आधी दिसे आणि डोळे पुसता पुसता त्या विचारत, की याच्यात काय घातलंय? एका घरी तर तेराव्यापर्यंत त्यांनी नवी सिस्टीम चढवून दिली आणि गेलेल्या आजोबांचे फोटो आजोबांच्या मागोमाग गेले. पण एकेक घर करून गाव कधी पुरं होणार, ही त्यांना चिंता. मग एका संक्रांतीला त्यांना सुचलं. वहिनींचं हळदीकुंकू असे, गल्लीतल्या नि आसपासच्या चाळीसेक सवाष्णी येत. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या, गाळण्या, कधी स्टीलच्या वाट्या. आत्या म्हणाल्या, यंदाचं वाण माझ्याकडून. त्यांनी परदेशी कळवलं की आमच्याकडे स्त्रियांचा पारंपरिक मेळावा आहे, चाळीस सीड्या पाठवाव्यात. त्या भल्या लोकांनी पाठवल्या. पोस्टमन खोकं घेऊन आला तेव्हा वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वन्सं, बायका शिव्या देतील. गाळणीने निदान चहा तरी गाळता येतो."

प्रत्येक सीडीबरोबर एक चिठ्ठी द्यायची ठरली. आत्यांनी ती लोणच्याच्या कृतीसारखी मुद्दे घालून लिहिली आणि टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. पत्रिका कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या शेठनी खुशीने दिल्या. मुद्दे होते दहा. सीडी आत घाला, बटण दाबा, भाषा निवडा, पुढे जा, असं करत नऊ. दहावा सगळ्यांत लांब होता. सुरुवात करण्याआधी आपले फोटो, पत्रं, कामाचे कागद दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण ही सिस्टीम जागा करून घेताना जुनं सगळं पुसते. हा मुद्दा खरं तर पहिला हवा. पण आत्यांना तो शेवटी आठवला होता. पट्टीवर नऊ मुद्दे बसत होते, दहावा बसत नव्हता. अक्षर लहान केलं तर वाचता येईना. दुसरा कागद मागायचा तर शेठ वैतागतील ही धास्ती. मी दहावा मुद्दा काढून टाकला. मनाशी म्हटलं, संध्याकाळी आत्यांना सांगू, त्या तोंडी सांगतील. संध्याकाळी आत्या तिळाच्या पाकात होत्या, दुसऱ्या दिवशी बायका आल्या, आणि सांगायचं म्हणता म्हणता राहून गेलं.

हळदीकुंकू झोकात झालं. आत्या स्वतः कुंकू लावायला पुढे येत नसत. त्या मागे खुर्चीवर बसून प्रत्येकीच्या हातातल्या सीडीकडे कौतुकाने बघत होत्या. बायकांनी तिळगूळ खाल्ला, सीडी उलटसुलट केली, तिच्यात आपला चेहरा पाहून टिकली नीट केली आणि पिशवीत टाकली. बहुतेक सीड्या निरुपद्रवी मार्गाला लागल्या. एकीने तुळशीवर चिमण्या हाकायला टांगली. एकीच्या घरी सगळे आंघोळी करून टीव्हीसमोर बसले, भजनं लागतील म्हणून. पण वाण घेणाऱ्यांत शेठच्या पत्नीही होत्या, आणि त्या बाई रीतीभातीच्या पक्क्या. सवाष्णीने दिलेलं वाण ठेवून द्यायचं नसतं, वापरायचं असतं, असा त्यांनी शेठमागे धोशा लावला. रविवारी प्रेस बंद असताना शेठ एकटेच जाऊन बसले आणि चिठ्ठीतले नऊच्या नऊ मुद्दे त्यांनी आज्ञाधारकपणे पार पाडले.

सोमवारी मी नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी पोचले. शेठ माझ्याही आधी आलेले, चेहरा उजळलेला. पडदा मातीसारख्या तपकिरी रंगाचा. तो रंग मी घरी रोज बघत होते.  शेठ म्हणाले, "ताई, एकदम फास्ट हो गया. वो शनिवार वाली पत्रिका निकालो." मी खुर्चीत बसले. शोधायचं नाटक केलं. आत काही नव्हतं. पत्रिका नव्हत्या, वेलबुट्टी नव्हती, कलश, मोर, डोली, काही नव्हतं. संक्रांत झाली म्हणजे अडलेली लग्नं सुटली, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आता सुरू व्हायची, आणि गुरुवारी तीन पार्ट्या पत्रिका न्यायला येणार होत्या. शेठना कळायला थोडा वेळ लागला. मग ते स्टुलावर बसले. त्यांच्याकडे बेचाळीस प्रकारचे गणपती होते. गावात कुठल्याच प्रेसकडे एवढे नव्हते. नाचणारे, बसलेले, पानातले, सुपारीतले, एका रेघेतले.

"मेरे सारे गणपती गए," शेठ म्हणाले.

रडले असते तर बरं वाटलं असतं. ते रडले नाहीत. खाली बघत मराठीत म्हणाले, की ताई, सिस्टीम तुमच्याच घरून आली, चिठ्ठी तुम्हीच टाइप केली. गुरुवारी पार्टीच्या हातात पत्रिका पडली तर ठीक, नाहीतर मलाही दुसरा माणूस बघावा लागेल. एवढं मऊ बोलले की मला मान वर करता येईना. दहाव्या मुद्द्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते मला एकटीला माहीत होतं.

निरोप मिळताच आत्या आल्या, अंबाड्यात पेन्सिल, हातात थैली. शेठसमोर उभ्या राहून म्हणाल्या की चूक माझी आहे, या पोरीचा काही संबंध नाही. मग डब्याला कान लावून बसल्या त्या मंगळवार संध्याकाळपर्यंत. पुसलेलं परत आणणारी काही युक्ती त्यांना ठाऊक होती. दोन दिवस मशीन घरघरत राहिलं आणि त्यातून एक गणपती परत आला, सोंडेपर्यंत. पुढचा नाहीच. शेठनी त्यालाही नमस्कार केला.

बुधवारी सकाळी मी आत्यांना म्हटलं, आता जुनी सिस्टीम परत घाला. पत्रिकांचे नमुने छापून चिकटवलेली जाड वही होती, त्यावरून मी सगळं पुन्हा टाइप केलं असतं. पण प्रेसचे जुने फाँट या नव्या सिस्टीममध्ये उघडत नव्हते. 'चि. सौ. कां.'च्या जागी तीन चौकोन येत, आणि प्रिंटर तेवढे चौकोन अगदी सुबक छापी. आत्या ऐकेनात. यावर उपाय असतोच, म्हणाल्या, कुणीतरी कुठेतरी काढलेला असतो, आपल्याला फक्त शोधायचा असतो. मोकळं झालेलं मशीन मी परत चोरीच्या बेडीत घालणार नाही, असंही म्हणाल्या. दुपार झाली. चौकोन हलेनात. आत्या अख्ख्या जगाला विचारत होत्या आणि जगात बहुधा तेव्हा सगळे झोपलेले होते.

मी कागद कापायच्या यंत्रामागे जाऊन उभी राहिले. तिथे कट्ट्यावर डोकं टेकलं आणि रडले, आवाज होऊ न देता, कारण शेठना आणखी त्रास नको. मला कुडाळचं स्टेशन दिसत होतं, आमच्या दोन पेट्या दिसत होत्या, आणि पेट्या उचलायला आलेले वडील दिसत होते. डोळे पुसून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. आत्या न सांगता निघून गेलेल्या.

पाऊण तासाने आल्या. शनवाऱ्याच्या बाजारात जाऊन आल्या होत्या. पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, एखाद्या सोवळ्या माणसाने बिडी लपवून आणावी तसं. कागद उलगडला. जुन्या सिस्टीमची सीडी, त्यावर पेनाने वाकडंतिकडं नाव लिहिलेलं, चोरून उतरवलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तू तिकडे तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एकतीस वर्षं सरकारी नोकरीत ज्यांनी ऑफिसच्या फोनवरून घरी एक फोन केला नव्हता, त्या आत्या माझ्या पाठीमागे बसून ती सीडी चढवत होत्या. तास-सव्वा तास लागला. त्या वेळात त्यांनी मशीनला एकदाही कान लावला नाही. झाल्यावर उठल्या, नळावर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. शेठच्या साबणाची वडी त्यांनी अर्धी संपवली. मग नमुन्यांची वही पुढ्यात घेऊन म्हणाल्या, "चल, मी सांगते, तू मार." त्यांनी वाचायचं, मी टाइप करायचं. निमंत्रक, प्रेषक, मामा-मामी, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळी. शेठ स्टुलावर बसून वहीतले गणपती एकेक करून स्कॅनरवर निजवत होते आणि झाकण लावण्याआधी प्रत्येकाला नमस्कार करत होते. गुरुवारी दुपारी बारा वाजता तिन्ही पार्ट्यांच्या पत्रिका बांधून तयार होत्या. एकीत नवरदेवाच्या आत्याचं नाव दोनदा पडलं, पण ती आत्या त्यावर खूश झाली असं ऐकलं.  चारच्या चहाबरोबर मावा जलेबी आली, त्यावरून मी समजले की जागा राहिली.

जागा राहिली, पण कापलेला दहावा मुद्दा मनातून जाईना. रविवारी आत्या तापीच्या राजघाटावर निघाल्या, मी बरोबर गेले. नदी खाली गेलेली, पायऱ्या कोरड्या. पलीकडे जैनाबादच्या बाजूला केळीच्या बागा हिरव्या दिसत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. पट्टी लहान होती, दहावा मुद्दा मी कापला, तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही शेठसमोर तो आपल्या अंगावर घेतलात.

आत्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मी वाचली होती गं चिठ्ठी. वाटायच्या आधी."

 त्या पुढे बोलल्या त्या अगदी हळू, ऑपरेटरच्या आवाजात नव्हे.

"दिसलं मला, शेवटचं नाहीये. म्हटलं राहू दे. ते वाचलं असतं तर एकीनेही आत घातली नसती. भीती घालून कोण घेतं?" मग म्हणाल्या, "कुणीतरी घ्यावी असं वाटायचं गं मला. बस."

 परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, की मी त्यांना काही सांगितलं नसतं तर बरं होतं. निदान त्यांचं त्यांच्याजवळ राहिलं असतं.

त्या वर्षी आखाजी आली. गल्लीत झोके बांधले गेले, पोरी गाणी म्हणत होत्या. आत्या सकाळी नहाल्या आणि देवाची उदबत्ती लावून बाहेर ओट्यावर बसल्या. ट्रॅक्टरची बॅटरी जिन्याखाली तशीच. मशीनला हळदकुंकू नाही. दुपार झाली तरी मशीनचा एकही अवयव निकामी झाला नाही. ज्या वहिनी इतकी वर्षं या दिवसाला घाबरून असत, त्यांना पुरणपोळी लाटवेना. लाटणं हातात घेऊन त्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काय वन्सं, यंदा काही मोडायचं नाही का?" आत्या हसल्या, पण उठल्या नाहीत. दसऱ्यालाही नाही.

पुढे ह्यांनी जिनिंग सोडून वर्कशॉप टाकलं, आम्ही त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायला गेलो, आणि मी घरीच पत्रिकांची कामं घेऊ लागले. जुना एक कॉम्प्युटर विकत घेतला. त्यात काय घालायचं, हे मी कुणालाही विचारलं नाही. आत्यांची सिस्टीम घातली. आता तिच्यात आपली अक्षरं चौकोन न होता दिसतात. तो उपाय खरंच कुणीतरी कुठेतरी काढला होता, पाच-सहा वर्षं उशिरा. कामं अडतात, प्रिंटर अजूनही मनात आलं की मुका होतो, आणि मी हताश होऊन त्या मशीनपुढे बसते तेव्हा हे विचारतात की कशाला जिवाला लावून घेतलंस. 

आत्यांना हल्ली दिसत नाही. मोतिबिंदू काढला, पण मागचा पडदाच गेला, डॉक्टर म्हणतात. सणाच्या दिवशी मी त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणते आणि मशीनच्या बाजूला खुर्चीत बसवते. नवी आवृत्ती चढायला लागते. त्या गुडघ्यावर हात ठेवून बसतात, चेहरा पडद्याकडे, जसं काही दिसतंय. मशीन आता पूर्वीसारखं घरघरत नाही, त्यामुळे कानालाही काही कळत नाही. परवाच्या आखाजीला मध्येच सगळं थांबलं. मी पाच मिनिटं वाट बघितली, दहा मिनिटं बघितली. पडद्यावर एक्केचाळीस टक्के होते आणि ते हलत नव्हते.  आत्यांनी विचारलं, "किती झालं?"

"साठ," मी म्हटलं. "होतंय, आत्या."